मंडळी आजारी आहे

आमच्या बंधूंनी आयुष्यभर लग्न केलं नाही, आणि तरीही सिल्वासा, नरोली, रांधा या सगळ्या पट्ट्यात मंडळीच्या धाकात त्यांच्याइतका वागलेला दुसरा पुरुष मी पाहिला नाही. सकाळी उठले की मंडळीची काळजी, जेवताना मंडळीची आठवण, कारखान्यात सुट्टी मागायची तर मंडळीसाठी. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या घरी फार कडक बाई आहे. घरी होता एक स्टोव्ह, एक पत्र्याची ट्रंक आणि एका बाजूची शाई उडालेली ढोलकी. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चला मंडळी म्हणतात. भिंतींना नव्हे, त्यांच्या आत जमलेल्या माणसांना. हे सगळ्या जगाला ठाऊक आहे असं आम्हाला वाटतं आणि आमच्याबाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. यातला दुसरा भाग बंधूंना कधी पटला नाही, आणि सगळा घोटाळा तिथून झाला. त्या घोटाळ्यात एक वाटा माझाही आहे. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तोच सांगायला बसलो आहे, पण आधी बंधूंबद्दल सांगतो. अवघड गोष्टीकडे सरळ चालत जायची मला सवय नाही.

बंधू हे त्यांचं नाव नव्हे. ते समोरच्या प्रत्येकाला बंधू म्हणत, म्हणून सगळे त्यांना बंधू म्हणू लागले. धाग्याच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते आणि मी तिथेच टाइम ऑफिसात कारकून. ते नगर जिल्ह्यातले, चाळिशी उलटलेले. मी नाशिककडचा, पंचवीस-सव्वीसचा. ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची. कारखाने इतक्या झपाट्यानं उभे राहत होते की माणसाला कामावर लागायला एक दिवस पुरायचा आणि खोली मिळायला तीन महिने. नरोलीच्या एका चाळीत आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. बंधू पहाटे बाहेर पडत ते "बंधू, बाजूला हो" असं दारातल्या लंगड्या कुत्र्याला सांगून. गेटवरच्या बिहारी वॉचमनला बंधू, ट्रकच्या क्लीनरला बंधू. एकदा स्टोअरमध्ये धाग्याच्या पेट्या चोरताना एकाला त्यांनी रंगेहाथ पकडलं, तेव्हाही ते म्हणाले, "बंधू, ही पेटी जड आहे, दुसरं टोक मी धरतो, जागेवर ठेवू." तो चोर पुढे दर रविवारी उपासनेला येऊ लागला. ढोलकी तोच वाजवायचा.

उपासना बंधूंच्या खोलीत होई. खोली दहा बाय बाराची, माणसं अकरा: नवापूरकडचे चौघे गावित, जालन्याचे दोघे, रांध्याचं एक वारली जोडपं, ढोलकीवाला, बंधू आणि मी. बसायला धाग्याची रिकामी खोकी. पण बंधू उभे राहिले की त्यांच्या डोळ्यांपुढे उंच छत, रंगीत काचा आणि पाचशे माणसं असत. "उजवीकडील बाकांवरील बंधुजनांनी प्रथम उभं राहावं," असं ते गंभीरपणे म्हणत, आणि उजवीकडच्या खोक्यावरचे दोघे गावित एकमेकांकडे बघत उभे राहत. "मागे उभ्या असलेल्यांनी पुढे यावं, जागा आहे." मागे भिंत होती. गाणं ते अशा पट्टीत उचलत की दुसऱ्या ओळीला त्यांचा स्वत:चाच आवाज त्यांना सोडून जाई. मग मी खालच्या पट्टीत ते सावरून घेई. प्रवचन तास-सव्वा तास चाले, आणि ते कुठूनही सुरू झालं तरी एकाच वाक्यावर येऊन थांबे: "रविवारी मंडळी जमते, बंधूंनो. सोमवारी मंडळी लागते." म्हणजे लोकांना लागते, उपयोगी पडते. ही कोटी त्यांची स्वत:ची होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

सोमवारी मंडळी कशी लागे, याचा एक मासला सांगतो. आमची घरमालकीण गुजराती. बंधूंकडे मंडळी सुरू झाली हे तिच्या कानावर गेलं. आता गुजरातेत मंडळी म्हणजे दूध मंडळी, गावाची डेअरी. दुसऱ्या रविवारी ऐन प्रार्थनेत ती बाई दारात कॅन घेऊन उभी. "मंडळी चालू थई ने? एक लिटर आपो." आम्ही दहा जण हसू दाबून लाल झालो. बंधूंनी प्रार्थना आमेनपर्यंत नेली, डोळे उघडले, "भगिनी, बसा," म्हणाले, तिच्या हातातला कॅन घेतला आणि अर्ध्या उपासनेतून उठून सायकलवर खऱ्या डेअरीकडे गेले. आम्ही वीस मिनिटं खोक्यांवर बसून होतो आणि मालकीण आमच्याकडे संशयानं बघत होती. दूध देऊन झाल्यावर प्रवचन पुढे सुरू. पुढे दर रविवारी ती कॅन घेऊन येई आणि बंधू दूध आणून देत. मी एकदा म्हणालो, "बंधू, त्यांना एकदा समजावून सांगा ना, ही ती मंडळी नव्हे." त्यांनी माझ्याकडे खरोखरच आश्चर्यानं पाहिलं. "मंडळीच्या दारातून बाई रिकामा कॅन घेऊन परत गेली, तर मग ही कुठली मंडळी?"

रांध्याच्या वारली जोडप्यानं भात कापून झाल्यावर, हंगामाच्या सणाला, एक कोंबडा अर्पण म्हणून आणला. आमच्या गावाकडे अशा वस्तूंचा उपासनेनंतर लिलाव होतो. बंधूंनी ठाम नकार दिला. अर्पणाच्या जिवाची बोली लावायची नाही. कोंबडा खोलीतच राहिला. हा कोंबडा पहाटे कधीही आरवला नाही. तो आरवे प्रवचनात, आणि तेही बंधू आवाज खाली आणून काही कोमल सांगू लागले की नेमका. महिनाभर बंधूंनी त्याला "बंधू, थोडा धीर धर" असं सांगून पाहिलं. मग नाशिकहून पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आले, ते तीन महिन्यांतून एकदा येत, त्यांच्या स्वागताला कोंबड्याची सेवा समाप्त झाली. बंधू स्वत: जेवले नाहीत. मी दोनदा रस्सा घेतला. हा कोंबडा लक्षात ठेवा, पुढे मला त्याची फार गरज पडणार होती.

आता माझ्याकडे येतो. मी ख्रिस्ती आहे हे कारखान्यात कुणालाही ठाऊक नव्हतं. माझं नाव-आडनाव असं की त्यावरून काही कळत नाही, आणि मी कळू दिलं नाही. कुणी धमकावलं होतं असं नव्हे. कामावर लागलो त्या आठवड्यात कुणी तरी डब्यावरून कुणाची टिंगल केली, मी त्यात हसलो, आणि एकदा हसल्यावर मग सांगायचं कसं? रविवारी कुठे जातोस असं विचारलं तर मी सांगे, वासोण्याला आतेभाऊ आहे. हा आतेभाऊ मी शून्यातून निर्माण केला. पुढे त्याला मुलं झाली, दम्याचा विकार जडला, एकदा त्याचं घर शाकारायला म्हणून मी कारखान्याची सहलही चुकवली. बोलता बोलता ही गोष्ट स्टोअरपर्यंत गेली आणि पुढच्या रविवारी बंधूंनी माझ्यादेखत हात उंचावून मोठ्यानं प्रार्थना केली: "वासोण्याच्या आमच्या बंधूचा दमा, हे प्रभू, हलका कर." त्यानंतर एकही रविवार त्यांनी माझ्या आतेभावाला वगळलं नाही. मी डोळे मिटून आमेन म्हणत असे. दुसरं काय म्हणणार?

आमचे मॅनेजर पुण्याचे. साहेब सज्जन, पण मराठीच्या बाबतीत उपाशी. आजूबाजूला सगळा कारभार गुजराती, हिंदी आणि मोडक्या इंग्रजीत. त्यामुळे बंधूंचा शुद्ध मराठीतला अर्ज आला की साहेब तो दोनदा वाचत. बंधूंचे अर्ज असे असत: "आपणांस कृपा व शांती असो. विनंती विशेष. मंडळी आजारी असल्याने तिच्या समाचारास जाणे अगत्याचे आहे. तरी अर्धा दिवस रजा मिळावी." म्हणजे नवापूरच्या कुणाला तरी ताप भरलेला असे आणि बंधू त्याला इस्पितळात नेत. साहेब सही करत आणि म्हणत, "बायकोला असं जपणारे पुरुष आता राहिले नाहीत." हे अर्ज साहेबांपुढे ठेवणारा मी. गैरसमज मला पहिल्याच दिवशी कळला होता. पण तो दूर करायचा तर मला हा शब्द कुठून ठाऊक, हेही सांगावं लागलं असतं. शिवाय, खरं सांगतो, मला मजाही वाटत होती.

मग श्रावणात बंधूंनी तो अर्ज केला. "देवाच्या दयेने आमच्या मंडळीची वाढ होत असून सध्याच्या खोलीत तिला मावणे कठीण झाले आहे. तरी साहेबांनी जागेविषयी कृपादृष्टी ठेवावी." साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि बंधूंना बोलावून आनंदानं विचारलं, "कितवा महिना?"

बंधूंनी मनात मोजलं. नरोलीच्या खोलीत उपासना सुरू होऊन किती झाले ते. "पाचवा, साहेब."

"जपा हो. या वयात."

"परमेश्वर जपतो, साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या घरून डिंकाचे लाडू आले, मंडळीसाठी. एका पुणेरी घरानं आपल्या मंडळीची अशी आठवण ठेवावी, याचं बंधूंना फार अप्रूप वाटलं. रविवारी त्यांनी लाडू सगळ्यांना वाटले आणि साहेबांच्या कुटुंबासाठी लांबलचक प्रार्थना केली. बाळंतिणीचा तो खुराक आम्ही अकरा जणांनी, त्यात दहा दाढीमिशीवाले, चहाबरोबर संपवला. मी दोन खाल्ले.

डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर रिकामं झालं आणि साहेबांनी रांगेतल्या चौघांना मागे सारून ते बंधूंना दिलं. किल्ली देताना त्यांनी विचारलं, "मग मंडळी कधी येणार?" बंधू म्हणाले, "रविवारी सकाळी नऊला येते, साहेब. बाईसाहेबांनाही पाठवा. फार बरं वाटेल सगळ्यांना."

नाताळाआधीचा रविवार होता. बंधूंनी कोपऱ्यात गव्हाणी मांडली होती. गवत म्हणून धाग्याचा वेस्ट, म्हणजे टाकाऊ सूत, आणि बाळ येशू म्हणून कागदी कोन, म्हणजे ज्यावर धागा गुंडाळतात तो पुठ्ठ्याचा निमुळता कोन, फडक्यात गुंडाळून निजवलेला. सव्वानऊला फाटकापाशी बाईसाहेब दिसल्या. मी खिडकीतून पाहिलं आणि उठून सरळ मोरीत गेलो. आतून कडी घातली. पुढचा तास-दीड तास मी पालथ्या बादलीवर बसून, ठिबकणाऱ्या नळाखाली, देवाची उपासना केली.

बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. बाईसाहेब आत आल्या, दहा माणसं बघून दारातच थबकल्या. बंधूंनी त्यांना एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि "आज आपल्यात पाहुण्या भगिनी आहेत" अशी सूचना दिली. सगळे टाळ्या वाजवते झाले. मग गाणं, मग प्रवचन. त्या बिचाऱ्या उठू शकल्या नाहीत, कारण त्यांच्या आणि दाराच्या मध्ये चार गावित होते. उपासना संपता संपता बंधूंनी नेहमीप्रमाणे वासोण्याच्या आजारी बंधूसाठी प्रार्थना केली. तो आजारी बंधू चार फुटांवर, दरवाजाच्या पलीकडे बसलेला होता.

शेवटी बाईसाहेबांनी धीर करून विचारलं, "अहो, पण बाळ कुठं आहे?"

"या ना," बंधू म्हणाले. आवाजात नुसता आनंद. "याचीच वाट पाहत होतो. हे बघा बाळ."

मग बाईसाहेब हसायला लागल्या, आणि इतक्या हसल्या की कुणी तरी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून झबलं आणि टोपडं काढलं, आणि परत न नेता त्या कागदी कोनाला घातलं. हे मला नंतर कळलं. मोरीतून झबलं दिसत नव्हतं.

बाईसाहेब हसल्या, साहेबांना हसता येईना. सोमवारी दुपारपर्यंत सगळ्या ऑफिसला गोष्ट कळली होती आणि मालकांचा फोन येऊन गेला होता, की ज्याला बायको नाही त्याला फॅमिली क्वार्टर दिलंत कसं. साहेबांनी बंधूंना केबिनमध्ये बोलावलं. अर्जांची फाइल घेऊन मी उभा होतोच. साहेबांनी सरळच सांगितलं: हा शब्द तुमच्यात खरोखर असा वापरत असतील, तर तो गैरसमज झाला आणि मालकांना मी तसं कळवीन. वापरत नसतील, तर ती फसवणूक आहे.

"वापरतात, साहेब," बंधू म्हणाले. "देवाची माणसं एकत्र आली की त्यांना मंडळी म्हणायचं. मी तेवढंच लिहिलं."

"माझे आजोबा आजीला मंडळी म्हणत. मी पन्नास वर्षं मराठी बोलतोय. तुमचा हा अर्थ मी कधी ऐकलेला नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही नाशिककडचे ना? तिकडे म्हणतं का कुणी चर्चला मंडळी?"

माझा बाप्तिस्मा मंडळीत झाला. माझ्या वडिलांची प्रेतयात्रा मंडळीनं काढली. लहानपणी हरवलो तेव्हा मला शोधायला मंडळी गेली होती.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "माझ्या तरी ऐकण्यात नाही."

बंधूंनी माझ्याकडे पाहिलं. पेटीवर एक लेबल आणि आत दुसराच माल निघाला की ते जसे बघत, तसं. मग ते साहेबांना म्हणाले, "यांना कसं ठाऊक असणार, साहेब? हे आमच्यातले नाहीत."

माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी पुरं केलं. हा माणूस आयुष्यात तेवढं एकदाच खोटं बोलला असेल.

पवित्र शास्त्रात येशूचा शिष्य त्याला ओळखत नाही म्हणून सांगतो, तेव्हा कोंबडा आरवतो आणि तो बाहेर जाऊन रडतो. मी केबिनबाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. कोंबडा कुठला आरवायला, त्याचा रस्सा मी महिन्याभरापूर्वीच दोनदा वाढून घेतला होता. रडूही आलं नाही. मी फाइल जागेवर लावली आणि हजेरीपत्रक काढलं.

क्वार्टर दोन दिवसांत गेलं. स्टोअरच्या किल्ल्या गेल्या, आणि बंधूंना मागच्या वेस्टच्या गोदामात टाकलं. ते पुन्हा नरोलीच्या खोलीत आले. मी अंगात ताप आहे असं कळवून कामावर गेलो नाही, आणि त्यांच्या चाहुलीनं दाराला कडी घालून पडून राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बंधू. हातात डबा, पेज आणि वर दोन करंज्या. कपाळाला हात लावून त्यांनी पाहिलं. कपाळ थंडगार होतं. मी विचारलं, दुपारची सुट्टी कशी मिळाली?

"अर्ज केला."

"काय लिहिलंत?"

"नेहमीचंच. मंडळी आजारी आहे."

मी भिंतीकडे तोंड केलं.

"साहेब म्हणाले, आता ही कोण मंडळी? नाव सांगा. मी म्हणालो, नाव नाही सांगता येणार, पण फार आजारी आहे. बघत राहिले. मग केली सही." डब्याचं झाकण उघडून त्यांनी चमचा माझ्या हातात दिला. "जेव. आणि ताप उतरला की वासोण्याच्या तुझ्या आतेभावाला एकदा घेऊन ये. ओळखतो मी त्याला. भित्रा आहे, पण खालच्या पट्टीत बरा गातो. त्याच्यावाचून गाणं पडतं आमचं."

मी गेलो. मागच्या खोक्यावर बसलो, गाणं सावरलं. साहेबांकडे मात्र गेलो नाही. उद्या जाऊ, पहिल्या तारखेनंतर जाऊ, असं म्हणत वर्ष गेलं आणि मला नाशिकला नोकरी मिळाली. बंधू वेस्टच्या गोदामात रमले होते. वेस्ट भरून त्यांनी सगळ्या खोक्यांवर गाद्या केल्या, आणि दर नाताळात ते झबलं ट्रंकेतून निघत राहिलं.

बरीच वर्षं त्यांची पोस्टकार्डं येत. हवा-पाण्याच्या दोन ओळी, घरमालकिणीच्या म्हशीची खुशाली, कारण तिनं शेवटी स्वत:चीच म्हैस घेतली, आणि शेवटी ठरलेला प्रश्न: "मंडळीची प्रकृती आता कशी आहे?" माझं लग्न झालं होतं. बायको म्हणायची, न बघता किती काळजी करतात हो माझी. आणि उत्तरात स्वत:च्या हातानं लिहायची, मी ठणठणीत आहे. मी त्याखाली सही करत असे. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमारास कार्डं थांबली. नंतर एकदा नरोलीला जाऊन आलो. चाळीच्या जागी कारखान्याची भिंत होती, आणि बंधू कुठे गेले ते कुणाला सांगता आलं नाही. ज्याला त्याला मी विचारत होतो, इथे एक मंडळी होती, ठाऊक आहे का? एका म्हाताऱ्यानं मला दुधाच्या डेअरीचा रस्ता दाखवला.

आता मी आमच्या मंडळीचा पंच आहे. आमच्याकडे सागवानी बाकं आहेत, छत उंच आहे, उजवीकडील बाकांवर खरोखरच माणसं असतात. बंधूंच्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मी अजून लिहिलेलं नाही, आणि पत्ता नसल्यानं ते इथेच लिहितो. बंधू, तो शब्द माझ्या ऐकण्यात होता. आईच्या दुधाबरोबर ऐकला होता. मंडळी अजून पुरती बरी झालेली नाही. पण आज उठून बसली आहे.